अबईच्या लेक्टिनचे क्रिस्टल: नुसत्या सुयाच येताहेत, मदत हवी आहे

मंडळी, पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अबईच्या बियांमधलं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रोटीन) काढतोय, त्याचे क्रिस्टल करून एक्स-रेनं रचना बघायची आहे. मंडईत शेंगा मिळतात त्या कोवळ्या, वाळलेल्या बिया मुळशीच्या मावशीकडून आणल्या. तिला अजून वाटतंय मी उसळ करणार.

लेक्टिन सेफाडेक्स जी-75 च्या (ग्लुकोजच्या साखळ्यांपासून केलेल्या) मण्यांना चिकटतं, ग्लुकोजनं सुटतं, मग ते ग्लुकोज काढायला डायलिसिस. बफरमध्ये कॅल्शियम-मँगनीज आहे. प्रोटीन 10 मिग्रॅ/मिली, हँगिंग ड्रॉप (झाकणाला उलटा टांगलेला थेंब), प्रोटीन आणि खालचं द्रावण 1+1 मायक्रोलिटर, खाली पीईजी (पाणी ओढून घेणारं पॉलिमर), पीएच 6.2. चौथ्या दिवशी सुया: एकाच ठिकाणाहून फुटलेल्या, साळिंदरासारख्या. मीठ नाही, कारण निळा रंग पितात आणि टोचलं तर कट्‌ न वाजता लोण्यासारख्या दबतात. एक कशीबशी लूपनं उचलून एक्स-रेसमोर धरली, तर 8 अँगस्ट्रॉमच्या पुढे एक ठिपका नाही, म्हणजे रचनेचे बारकावे दिसणारच नाहीत.

कॉलेजात रात्री एसी बंद करतात, त्याचा संशय होता. प्लेट थर्माकोलच्या डब्यात ठेवली, तरी तेच.

अजून एक. जेलवर मुख्य बँडखाली दोन फिकट बँड दिसतात. सर म्हणतात प्रोटीएजनं (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमनं) खाल्लंय, परत काढ. तीनदा काढलं. ठिपक्यांवरून रचना काढायला लागणाऱ्या फेजची चिंता नाही, जवळच्या नात्यातल्या कॉनकॅनाव्हॅलिन ए या लेक्टिनचं मॉडेल आहेच. पण आधी क्रिस्टल तर हवा!

प्रतिसाद
ते दोन बँड वाचूनच लिहायला बसले. प्रोटीएजला उगाच शिव्या नकोत. या कुळातल्या लेक्टिनमध्ये बी पिकताना प्रोटीनची साखळी मधे कापली जाते आणि टोकं उलट क्रमानं जोडली जातात. काही साखळ्या जोडायच्या राहतात, तेच हे तुकडे. अख्ख्या आणि तुटक्या एकत्र असल्या की क्रिस्टलची रचना नीट बसत नाही. 1 टक्का अमोनियम बायकार्बोनेटमध्ये 37 अंशांना ठेवा, तुकडेवालं बरंचसं खाली बसतं. कॉनकॅनाव्हॅलिनसाठीची जुनी रीत आहे.

आणि पीएच 6.2 कशासाठी? 5.5 च्या खाली साखळ्यांच्या दोन-दोनच्या जोड्या, 7 च्या वर चार-चार, मधे सगळी खिचडी. एक बाजू धरा. मग याच सुया चुरून सीडिंग करा, म्हणजे तो चुरा बीज म्हणून नव्या थेंबात घाला.

मूळ लेखक
खरं सांगू? 6.2 चा बफर फ्रिजमध्ये तयार होता. 5 चा आजच करतो. धातू नंतर परत घालायचे ना?

प्रतिसाद
हो. आधी मँगनीज, मग कॅल्शियम. पण बायकार्बोनेट पूर्ण काढल्यावरच, नाहीतर ड्रॉपमध्ये कार्बोनेटचा गाळ दिसेल आणि तुम्ही परत इथे धागा काढाल.