प्रॅक्टिकलमधून आरएमआय काढायचं का?

सर्व्हरवाला:
'अ‍ॅडव्हान्स्ड जावामधून आरएमआय आणि सर्व्हलेट काढा, थेट स्प्रिंग बूट आणि डॉकर शिकवा, १९९७ चं तंत्र आता कोण वापरतं?' ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. आरएमआय म्हणजे एका मशीनवरच्या जावा प्रोग्रामने दुसऱ्या मशीनवरची मेथड बोलावणं, सर्व्हलेट म्हणजे वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास; स्प्रिंग बूट हे वेब अ‍ॅप झटपट उभं करणारं फ्रेमवर्क आणि डॉकर प्रोग्राम डब्यात बांधून चालवण्याचं साधन. कोर्बा, दूरच्या कॉलचंच आणखी जुनं तंत्र, गेलं ते ठीकच, जावा ११ मधून ते काढूनच टाकलं. पण आरएमआयमध्ये रिमोट कॉल उघडा दिसतो. कॉल चालू असताना सर्व्हरला किल -९ द्या, म्हणजे प्रोसेस तिथल्या तिथे मारा: ओएस सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) बंद करते, क्लायंटला लगेच एक्सेप्शन मिळतं. आता किल -स्टॉप द्या, म्हणजे प्रोसेस न मारता नुसती गोठवा. क्लायंट लटकतो तो लटकतोच, कारण टीसीपी जोडणी शाबूत आहे आणि आरएमआयचा रिस्पॉन्स टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे अमर्याद. टाइमआउट सेट न करता स्प्रिंगचं एचटीटीपी क्लायंट रेस्टटेम्प्लेट वापरलं तरी हेच होतं, फक्त तिथे ते कुणी तपासत नाही.

रानजाई:
पोस्ट माझीच. हा प्रयोग कुठल्या लॅबमध्ये होतो ते सांगा! रजिस्ट्री (नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारी), सर्व्हर, क्लायंट तिन्ही लोकलहोस्टवर, म्हणजे एकाच मशीनवर, दोन आकड्यांची बेरीज, प्रिंटआउट जर्नलमध्ये. दोन मशीनवर नेलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड', आणि तास संपला.

बिट्टू_सोलापूर:
त्याला आरएमआय काय करणार? उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ या स्वतःकडेच वळणाऱ्या पत्त्याला बांधलेलं असतं. स्टबमध्ये, म्हणजे क्लायंटला मिळणाऱ्या सर्व्हर-ऑब्जेक्टच्या प्रतिनिधीत, तोच पत्ता जातो. म्हणून लुकअप होतं, पण मेथड कॉल क्लायंटच्या स्वतःच्याच मशीनवर आपटतो. सर्व्हर सुरू करताना जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम या प्रॉपर्टीत खरा लॅन आयपी द्या. दुसरी गोम पोर्टची: रजिस्ट्री १०९९ वर असते, पण ऑब्जेक्टचा पोर्ट दर वेळी वेगळा. एक्सपोर्ट करताना ११०० ठरवून द्या आणि फायरवॉलमध्ये दोन्ही उघडा.

दुसरी_पाळी:
आरएमआयचं राहू द्या, सर्व्हलेटचं बघा. मॅन्युअलमध्ये जावाएक्स.सर्व्हलेट, लॅबमध्ये सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर टॉमकॅट १०. तिथे पॅकेजचं नाव जकार्ता.सर्व्हलेट झालंय. कोड कंपाइलच होत नाही आणि मुलं क्लासपाथ धुंडाळत बसतात. एक तर टॉमकॅट ९ ठेवा, नाहीतर इम्पोर्ट बदला. मॅन्युअल छापणाऱ्यांनी एवढं तरी करावं!

रानजाई:
मग माझंच म्हणणं खरं ना? स्प्रिंग बूट घ्या, ही कटकट उरत नाही.

सर्व्हरवाला:
कशी उरत नाही? स्प्रिंग बूट ३ सुद्धा जकार्तावरच आहे. जुना ट्युटोरियल कोड तिथेही अडतो.

आणि मूळ मुद्दा टाळू नका. खात्यातून ५०० रुपये वजा करणारी मेथड घ्या. सर्व्हरने वजा केले, उत्तर वाटेत हरवलं, क्लायंटने पुन्हा कॉल केला: १००० गेले. यावर स्प्रिंग बूट आपोआप काय करतं?

रानजाई:
आपोआप काही नाही. क्लायंटने प्रत्येक व्यवहाराला यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) द्यायचा, सर्व्हरने हॅशमॅपमध्ये (मेमरीतल्या यादीत) तो आधी आलाय का बघायचं. दहा ओळींचं काम.

बिट्टू_सोलापूर:
आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की मॅप रिकामा. रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे सर्व्हरच्या दोन कॉपी असतील तर दुसरीला तो आयडी माहीतच नाही. असं शिकवू नका हो!

रानजाई:
मग डेटाबेसच्या टेबलमध्ये ठेवा, ओरडताय कशाला?

बिट्टू_सोलापूर:
नुसतं टेबल पुरत नाही. आधी सिलेक्ट (आयडी शोधणं), मग इन्सर्ट (नोंद घालणं) केलं तर दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी सिलेक्टमधून सुटतात. आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा शिरणार नाही, आधी इन्सर्ट करा, आणि तो इन्सर्ट व शिल्लक बदलणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही. उत्तरही त्याच ओळीत साठवा, म्हणजे दुसऱ्या कॉलला तेच परत देता येतं. रीट्राय करताना क्लायंटने नवा यूयूआयडी बनवला तर मात्र सगळं फुकट. मुलं नेमकी तिथेच चुकतात, आयडी लूपच्या आत तयार करतात.

दुसरी_पाळी:
हे पोस्टग्रेस डेटाबेस आणि साध्या एचटीटीपीवरही दाखवता येतं. आरएमआयच हवं असा हट्ट कशाला?

सर्व्हरवाला:
हट्ट नाही. टाइमआउट, हरवलेलं उत्तर आणि दुबार कॉल हे तिन्ही प्रयोग दोन मशीनवर होणार असतील, तर आरएमआय गेलं तरी चालेल. सर्व्हलेट मात्र ठेवा, स्प्रिंगच्या वेब भागाच्या, म्हणजे स्प्रिंग एमव्हीसीच्या, खाली तेच आहे.

रानजाई:
सर्व्हलेटचा एक तास मान्य, त्याहून जास्त नाही. आणि गुण बेरजेच्या प्रिंटआउटला नकोत. परीक्षकाने समोर किल -स्टॉप द्यावा आणि क्लायंट काय करतो ते बघून गुण द्यावेत.