उन्हात रोबो रेषा सोडायलाय, काय करावं?

लातूरहून लिहायलोय. आमची पाच पोरांची टीम, स्पर्धा शनिवारी. लाइन फॉलोअर (रेषेवरून चालणारा रोबो) लॅबमध्ये काळ्या पट्टीवर मस्त पळतो पण काल व्हरांड्यात ठेवला तर पहिल्याच वळणावर भरकटला, आणि दोन्ही मोटर एकदम सुरू झाल्या की आर्डुइनो (रोबो चालवणारा छोटा बोर्ड) रिसेट होतंय. सेन्सर आयआरचे (इन्फ्रारेड), मोटर चालवणारा ड्रायव्हर बोर्ड एल२९८एन, बॅटरी ९ व्होल्टची चौकोनी.

उत्तर, नांदेड: उन्हातच आयआर भरपूर असतं भाऊ, सेन्सरला काळं-पांढरं सारखंच दिसतं. आम्ही सेन्सरभोवती काळ्या चार्ट पेपरची झालर चिकटवली, जमिनीपासून जेमतेम २-३ मिलिमीटर वर. कॅलिब्रेशन (सेन्सरला काळं-पांढरं ओळखायला सेट करणं) मात्र स्पर्धेच्या ट्रॅकवरच करा.

उत्तर, परभणी: ती चौकोनी बॅटरी आधी काढा! तिला मोटरचा करंट झेपतच नाही, व्होल्टेज बसतं न बोर्ड रिसेट होतो, त्यात एल२९८एन स्वतःच २ व्होल्टच्या आसपास खातो. १८६५०चे (रिचार्जेबल लिथियम) दोन सेल सिरीजमध्ये लावा, ७.४ व्होल्ट मिळतंय. ग्राउंड कॉमन आहे का (बॅटरी, ड्रायव्हर न आर्डुइनोची मायनस वायर एकत्र जोडलीय का) तेबी बघा.

लातूर: झालर लावली, भर दुपारी तीन फेऱ्या सलग मारल्या! सेल उद्या आणायलोत. लई आभार दोघांचे.