घरून लिहिणारे मुंबईकर नाटक-प्रदर्शनांना वेळ कसा काढतात?

खिडकीतली_सीट

नमस्कार मंडळी. राहायला डोंबिवली, वय एकतीस. गेल्या दिवाळीनंतर जाहिरात संस्थेतली नोकरी सोडली आणि आता घरूनच लिहितो: मालिकांची सबटायटल्स, माहितीपत्रकांचे अनुवाद, मधूनमधून पुरवण्यांना लेख. पोटापुरतं काम मिळतंय, त्याची काळजी नाही.

अडचण वेगळीच आहे. ऑफिस लोअर परळला होतं तेव्हा सुटल्यावर दोन स्टेशनं गेली की दादर. शिवाजी मंदिरचा रात्रीचा प्रयोग सहज गाठायचो. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव लागला की ऑफिसातून थेट तिकडे. आता अख्खा दिवस माझा आहे, साहेब नाही, पंचिंग नाही, आणि तरी पाय घराबाहेर पडत नाही. सकाळी ठरवतो, दुपारी निघू. अकराला फोन येतो, "जरा एवढं बघून द्या ना, छोटंसंच आहे." ते छोटंसं संपेपर्यंत चार वाजतात. मग सहाला तिकडे पोचायचं आणि येताना गर्दी अंगावर घ्यायची, या विचारानेच बेत बारगळतो. शिवाय शब्दांवर पैसे मिळतात, त्यामुळे बाहेर घालवलेला तास मनात रुपयांतच मोजला जातो.

बरीच वर्षं असं काम करणाऱ्यांनी सांगा: आठवड्याची घडी कशी बसवलीत? खिशाला काय परवडतं? ठिकाणांची यादी नेटवर मिळते. तुम्ही स्वतः काय करता ते हवंय.

ठाकुरद्वार

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी गिरगावात राहते. अनुवाद, रेडिओसाठी संहिता आणि पुस्तकांचं संपादन यांवर आमचं घर चालतं.

तुम्ही काम आधी मांडताय आणि उरलेल्या वेळात नाटक-प्रदर्शन बसवायला बघताय. उरलेला वेळ आपल्या धंद्यात नसतोच. काम कितीही पुरवलं तरी वाढतं. माझ्याकडे भिंतीवरचं कालनिर्णय आहे. महिना सुरू झाला की आधी बाहेर जायचे वार त्यावर पेनाने लिहिते आणि मग क्लायंटला मुदतीची तारीख सांगते. "सोमवारी दुपारनंतर मी फोनवर नाही, मंगळवारी सकाळी दहाला मजकूर मिळेल," एवढं स्पष्ट सांगितलं की कोणी वाद घालत नाही. कारण विचारतसुद्धा नाहीत.

सोमवारच का ते सांगते. फोर्टच्या जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. वेळ अकरा ते सात, प्रवेश फुकट. १९५२ पासून हे दालन सगळ्यांसाठी उघडं आहे. लोक उद्घाटनाला गर्दी करतात, मला शेवटचा दिवस आवडतो. चित्रकार आठवडाभर तिथे बसून बसून बोलका झालेला असतो आणि समोर गर्दी नसते. चित्राबद्दल विचारलंत तर खुर्ची पुढे करून सांगतो.

एका सोमवारी सात वाजत आले होते. सांगलीकडचा एक तरुण चित्रं उतरवत होता, मदतीला वडील. वडिलांनी जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे आधीच कापून पिशवीत आणलेले. फ्रेमच्या चारी कोपऱ्यांना पुठ्ठा दुमडून लावायचा, वरून बबल रॅप, मग खाकी चिकटपट्टी दाताने तोडून कडेकडेने दाबायची. प्रत्येक चित्र गुंडाळण्याआधी ते हात लांब करून एकदा नीट बघून घेत. एका चित्राखाली लाल टिकली होती, म्हणजे ते विकलं गेलेलं. ते त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं आणि मुलाला म्हणाले, "ह्याला जरा जास्त पट्टी लाव, लांब जायचंय त्याला." बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. त्या बापलेकांवर मी पुढे रेडिओसाठी एक श्रुतिका लिहिली. ती घरी बसून मला सुचली नसती.

आपलं काम माणसांच्या बोलण्यावर चालतं. तुम्ही सबटायटल्स करता, म्हणजे रोज दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालता. ती वाक्यं कुठून येणार? घरात चार भिंती आणि व्हॉट्सॲप. काही महिन्यांत सगळी पात्रं एकसारखी बोलायला लागतात. माझं नाटकाचं तिकीट मी कामाच्याच खर्चात धरते, आणि त्यातही मध्यंतराचा भाग मला फार मोलाचा वाटतो. केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात वड्याच्या रांगेत पुढे दोन आज्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "पहिला अंक झक्कास झालाय, आता दुसऱ्यात माती नको खायला!" लगेच वहीत टिपून ठेवलं.

पैशांबद्दल. बाल्कनीत बसा. व्यावसायिक नाटकाच्या पुढच्या आणि बाल्कनीच्या तिकिटदरांत बराच फरक असतो आणि मागून शब्द न् शब्द ऐकू येतो. जमेल तेव्हा मी अजूनही खिडकीवर जाऊन तिकीट काढते, कारण खिडकीवरचा माणूस प्लॅन बघून सांगतो, "ताई, ही नको, खांब येतो." मोबाइलवर खांब दिसत नाही. एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात प्रतिबिंब हा मराठी नाट्योत्सव होतो, त्याची तारीख आली की लगेच कॅलेंडरवर लिहा. जुहूच्या पृथ्वी थिएटरला जाणार असाल तर वेळेआधी पोचा. प्रयोग सुरू झाला की ते आत सोडत नाहीत, आणि मला ते योग्यच वाटतं.

मधल्या वेळात बसायला मी वाचनालयं धरून ठेवली आहेत. काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीचं सभासदत्व घेतलंत तर वर आरामखुर्च्या आहेत आणि मागे बाग. १८७० ची इमारत आहे, भिंती जाड, भर उन्हातही आत गार वाटतं. पूर्वी जहांगीरमधल्या समोवारमध्ये चहावर तासन्‌तास बसता यायचं. १९६४ साली सुरू झालेलं ते कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, त्याची रुखरुख अजून आहे. आता मी दोन ते साडेचार वाचनालयात कामाची पानं तपासते आणि पाचला प्रदर्शनात शिरते. म्हणजे तुमचा तो रुपयांतला तासही वाया जात नाही.

बदलापूर_फास्ट

ठाकुरद्वारताई, छान लिहिलंत. पण गिरगावातून चालत जहांगीरला जाणं आणि आम्ही कल्याणपलीकडून येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी मुलांच्या मासिकांसाठी लिहिते, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी असतं. दर आठवड्याला फोर्टला येणं मला झेपणारं नाही, आणि म्हणून मी काही बघतच नाही असंही नाही.

खिडकीतली सीट, तुमच्या डोंबिवलीतच सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, ठाण्याला गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह. दादरला लागणारी बरीच नाटकं इकडे फिरत येतात, फक्त जाहिरातीवर डोळा ठेवावा लागतो. मी दुपारचा प्रयोग पकडते. बारा-एकच्या सुमाराच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात चक्क आडवं पडता येईल इतकी जागा असते. नाटक संपल्यावर मात्र गर्दीशी झटापट न करता स्टेशनबाहेर काहीतरी खाऊन, तासभर थांबून निघते. तो तास मी पाहिलेल्या नाटकाबद्दल लिहिते, कुणाला द्यायचं नसलं तरी.

आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघितल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

हिशेबनीस

मी पूर्वी एका प्रकाशनाचे हिशेब बघायचो, आता स्वतः लिहितो. प्रश्न वेळेचा वाटतो, पण मुळात भीती पैशांची असते: आज नाही म्हटलं तर उद्या काम येईल का, आणि मागचं बिल कधी निघेल. ती बाजू पक्की केली की सोमवार आपोआप मोकळा वाटायला लागतो. म्हणून थोडं रुक्ष लिहितो.

केंद्र सरकारकडे उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन होते, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. एकट्याने सेवा देणारा माणूसही त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून बसतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं. माझं एका क्लायंटकडे बिल बरेच महिने अडकलं होतं. नोंदणी क्रमांक घालून आणि ४५ दिवसांचा उल्लेख करून नवं पत्र पाठवलं, आवाज न चढवता. पैसे आले.

दुसरं, लेखी करार. तुम्ही पगारी नोकर नसता तेव्हा लेखाचे हक्क मुळात तुमचेच असतात. ते दुसऱ्याला द्यायचे तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते हक्क. "सर्व हक्क कायमचे" असं बारीक अक्षरात असेल तर तिथे पेन थांबवा आणि बोला. माझ्या अनुभवात निम्मे लोक बदल मान्य करतात.

क्लायंट बिलातून टीडीएस, म्हणजे आयकर, कापतात तो आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत दिसतोय ना हे वर्षातून दोनदा तरी बघा. विवरणपत्र भरल्यावर जास्तीचा कर परत येतो. माझ्या वर्षभराच्या नाटकांचा खर्च त्या परताव्यातूनच निघतो.

खिडकीतली_सीट

मनापासून आभार. उद्यम नोंदणी आजच करून टाकतो, कराराचं तर मला काहीच माहीत नव्हतं.

बदलापूर_फास्ट, फुले कलामंदिर घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि मी त्याला धरतच नव्हतो. दुपारच्या प्रयोगांकडे आता लक्ष ठेवतो.

ठाकुरद्वारताई, येणारा सोमवार मी कॅलेंडरवर लिहिलाय आणि दोन क्लायंटना तसं कळवूनही टाकलंय. एकाने फक्त अंगठा पाठवला! एक विचारायचं होतं: अनोळखी चित्रकाराशी बोलायला सुरुवात कशी करता? चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही, लाजायला होतं. आणि त्याच फेरीत समोरचं एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, बघून होईल का?

ठाकुरद्वार

एनजीएमए सोमवारी बंद असतं, त्यामुळे ते वेगळ्या वारी ठेवा. १९११ सालच्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून ते दालन आहे. आतल्या गोल जिन्याने चढत चढत वरपर्यंत जायचं असतं, त्याला निवांत दोन तास हवेत. घाईत उरकू नका.

बोलायचं म्हणाल तर मी चित्रकलेचं काहीच विचारत नाही. "हे कुठे बसून काढलंत?" एवढंच विचारते. उत्तर देताना माणूस आपलं घर, गाव, खोलीतला उजेड, सगळं सांगायला लागतो. तुम्ही ऐकत राहा. वही मात्र त्यांच्यासमोर काढू नका, लोक लगेच सावध होऊन छापील बोलायला लागतात. बाहेर पडलात की फुटपाथवर उभं राहून लिहा, तिथे मी कायम लिहीत उभी असते आणि कोणी ढुंकूनही बघत नाही.

डोंबिवलीहून साडेबाराच्या आत निघा. सीएसएमटीला उतरून फ्लोरा फाउंटनवरून चालत या, वाटेत जुन्या पुस्तकांचे विक्रेते लागतील, तिथे फार रेंगाळू नका नाहीतर जहांगीर राहून जाईल. एशियाटिक सोसायटीच्या दरबार हॉलमध्ये त्या संध्याकाळी व्याख्यान आहे का तेही आधी बघून ठेवा. असेल तर मी प्रदर्शनानंतर तिकडेच जाईन, तुम्हीही या.