हलता अवतार: तुम्ही तुमचा कसा बनवला?

तान्हा पोळा आटोपला की आमच्या घरचा लाकडी नंदी वर्षभरासाठी माळ्यावर जातो. २००८ साली तो माळ्यावर चढवायच्या आधी मी त्याचे फोटो काढून घेतले, त्याला मान डोलवायला लावली आणि तोच माझा अवतार झाला, म्हणजे फोरमवर नावाशेजारी दिसणारं छोटं चित्र. अजूनही तोच आहे. नागपूरच्या आणि नागपूर सोडून गेलेल्या सगळ्यांना विचारावंसं वाटलं: तुमचा हलता अवतार कसा झाला, कुठे अडला? सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

तेव्हा ९० बाय ९० पिक्सेल आणि ६ केबी एवढीच मुभा होती. सीताबर्डीच्या सायबर कॅफेत बसून मी १४ चित्रांची जिफ, म्हणजे चित्रं एकामागून एक दाखवणारी फाइल, केली, ती ४० केबीच्या वर गेली. एकेक चित्र काढून टाकत शेवटी तीन उरली: मान डावीकडे, मधे, उजवीकडे. परतताना मधलंच चित्र पुन्हा, म्हणजे चार ठेके. धड पहिल्याच चित्रातलं राहू दिलं, पुढच्या चित्रांत फक्त मानेचा तुकडा. गिंप या चित्रं करायच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक थर म्हणजे एक चित्र, आणि थराच्या नावातच कंसात मिलिसेकंद लिहिता येतात.

तरी मान यंत्रासारखी हलायची. झोपाळा टोकाला गेला की क्षणभर थबकतो, हे आठवलं तेव्हा सुटलं. दोन्ही टोकांना २०, मधे ८. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. ही सोय १९८९च्या आवृत्तीत आली, मूळ जिफ १९८७चं. नवख्यांनी एक लक्षात ठेवा: वेग वाढेल म्हणून ० किंवा १ लिहिलंत, तर बहुतेक ब्राउझर ते १० धरतात आणि चित्र उलट रेंगाळतं.

महाल, चित्रकला शिक्षिका

मुलांचे खरे फोटो अवतार म्हणून लावायचे नाहीत, असं पालकांशी बोलून ठरवलं होतं. मग मे महिन्याच्या शिबिरात प्रत्येकानं आपापला बडग्या करायचा ठरला. मारबतीच्या मिरवणुकीत नकोशा गोष्टींचा पुतळा, म्हणजे बडग्या, नाचतो तसा, पुठ्ठ्याचा, वीतभर. एकीनं डासांचा केला, एकानं गणिताच्या पेपरचा. हातपाय टाचणीवर फिरणारे. दर फोटोला हात थोडा वर, पुन्हा फोटो.

फोन पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवला होता, तरी पहिल्या दिवशीचं सगळं वाया गेलं. कारण कूलर. त्याच्या झोतानं पुठ्ठा थरथरायचा आणि चित्रं जोडल्यावर बडग्याला हिव भरल्यासारखं दिसायचं. दुसऱ्या दिवशी बाहेर ४५ अंश असताना मुलांनीच सांगितलं, "मॅडम, कूलर बंद करा." बारा फोटो होईपर्यंत बंद, मग पाच मिनिटं चालू. पायाखाली कणकेचा गोळा लावला तेव्हा पुठ्ठा जागचा हलेना.

आणखी एक त्रास झाला. फोन दर फोटोला उजेड आपणहून कमीजास्त करतो, त्यामुळे चित्र लुकलुकतं. पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये उजेड तिथेच बांधला जातो. शेवटच्या दिवशी सगळे बडग्ये एका ओळीत नाचवले. मुलं न सांगता ओरडली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

इतवारी

भाऊ, मले तर्रीपोह्यावरची वाफ हलवायची होती. जिफमध्ये काही केल्या जमेना. काऊन का त्यात ठिपका एक तर पूर्ण दिसते, नाही तर पूर्ण गायब. अर्धवट पारदर्शक असं काही नसतेच. वाफ पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखी दिसून राहिली होती. मग एपीएनजी, म्हणजे हलतं पीएनजी चित्र, केलं, त्यात वाफ विरत जाते. जिथे ते चालत नाही तिथे पहिलं चित्र स्थिर दिसते, म्हणून पहिलं चित्र चांगलंच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी काही हलत नाही. तिथे स्टिकर करा, वेबपी नावाच्या चित्रप्रकारात, ५१२ बाय ५१२, ५०० केबीच्या आत.

धंतोली

एक विनंती करायला लिहिते आहे. माझ्या मुलाला फेफरं येतात आणि त्याला झगमगत्या उजेडाचा त्रास होतो. मागे एका गटात कुणीतरी लाल-पांढरा लखलखणारा अवतार लावला होता. पान उघडताच मी पडद्यावर हात ठेवला. ज्यानं लावला त्याच्या मनातही आलं नसेल, पण मी त्या रात्री झोपले नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखेल असं काही करू नये, हा वेबवरचा मान्य दंडक आहे. तुम्ही सगळे इतक्या मायेनं करता, तर तेवढं सांभाळा.

नंदीवाला

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. यापुढे मी प्रत्येक नवख्याला हे आधी सांगेन.

दीक्षाभूमीजवळून

संध्याकाळचा स्तूप आणि मागे बदलत जाणारं आकाश, असा अवतार होता. २५६ रंगांत आकाशाचे पट्टे पडले. पट्टे मोडायला ठिपक्यांची मिसळ केली, तर फाइल दुप्पट झाली, कारण एकसलग रंग असला तरच जिफ नीट आवळली जाते. शेवटी आकाश सपाट निळं ठेवलं. स्तूप त्यातच जास्त उठून दिसतो.

पूर्वी नंदनवन, आता पुणे

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या एका जुन्या रोलमध्ये लागोपाठचे दोन फोटो सापडले. एकात डोळे मिटलेले, म्हणून आईनं तो अल्बममध्ये लावलाच नव्हता. दोन्ही स्कॅन केले. एकावर एक ठेवल्यावर खांदे हलायचे, टोपी उडी मारायची. मग दुसऱ्या फोटोतल्या फक्त पापण्या कापल्या, भुवयांच्या रेषेवर बसवल्या आणि कडा मऊ केल्या. उघडे डोळे चार सेकंद, मिटलेले जिफच्या मापात १२. म्हणजे सेकंदाचा जेमतेम आठवा भाग.

आईला फोनवर दाखवलं. ती काही बोलली नाही. बाबांनी पापणी लववली, तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पुढच्या वेळेची वाट बघत बसली.