एम4 घ्यायची आहे, पण 'व्हर्जन 2' म्हणजे नक्की काय? जाणकारांनी सांगा

नवशिका_निशाणी
मंडळी, पहिलीच एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी खेळायची बंदूक) घेतोय, एम4 रायफलचं मॉडेल पाहिजे एवढं पक्कं आहे, पण बाकी डोक्याचा पार भुगा झालाय. एका दुकानाच्या पानावर शीर्षकात 'टोकियो मारुई एम4ए1', वर्णनात 'व्हर्जन 2 मेटल गिअरबॉक्स, बॅटरीवर चालते', आणि खाली 'सोबत हे मॅगझिन घ्या' म्हणून जे दाखवलंय त्यावर चक्क 'गॅस' लिहिलंय. दुसऱ्या दुकानात वेगळ्याच कंपनीच्या एम4 पुढे नुसतं 'व्ही2' आणि शेजारी 'न्यू'. चॅटवर विचारलं तर उत्तर, "सगळं सेमच आहे सर, बिनधास्त घ्या". सेम असेल तर नंबर कशाला टाकलेत राव? कसं ओळखायचं आणि दुकानदाराला काय विचारायचं ते कोणीतरी नीट सांगा.

गिअरखोर
पहिल्यांदा एक गाठ सोडवू. गिअरबॉक्स म्हणजे बॅटरीवाल्या बंदुकीतली मोटर, गिअर आणि पिस्टनने गोळी ढकलणारी पेटी, आणि तिचं व्हर्जन म्हणजे नवं-जुनं नाही, तो आकाराचा प्रकार आहे. मारुईने 1991 मध्ये फामास ही बंदूक काढली, तिच्यातला तो व्हर्जन 1, मग एम16/एम4, एमपी5, जी3 या घराण्यात बसतो तो व्हर्जन 2, एके, जी36, ऑग वगैरेंमध्ये व्हर्जन 3, पी90 मध्ये 6, एम14 मध्ये 7. म्हणजे 3 हा 2 पेक्षा सुधारित असं काही नाही, एके घेतली की 3 मिळणार आणि एम4 घेतली की 2, तुम्हाला निवड करायचीच नाहीये. साधी बॅटरीवाली एम4 आणि पुढे 'व्हर्जन 2' दिसलं तर ते शर्टावर 'दोन बाह्या' लिहिल्यासारखं आहे, माहिती शून्य.

पण तेच 'व्ही2' काही कंपन्या आपल्या मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीलाही लावतात, उदा. जीएचके कंपनीची गॅसवाली एम4, तिच्यात हा गिअरबॉक्सच नसतो, तिथे व्ही2 म्हणजे खरोखर सुधारित आवृत्ती. दुकानदार दोन्ही एकाच रकान्यात कोंबतो आणि गिऱ्हाईक बसतं डोकं खाजवत.

हॉपअप_हट्टी
गिअरखोर +1. आता तुमच्या मारुईबद्दल, कारण तिथला घोळ सगळ्यात मोठा आहे. मारुईची एम4ए1 एक नाही, मुख्य तीन आहेत आणि आतून एकमेकींच्या कोणीही लागत नाहीत. एक जुनी साधी इलेक्ट्रिक, दुसरी नेक्स्ट जेन, म्हणजे इलेक्ट्रिकच पण रिकॉइलचा धक्का देणारी, आणि तिसरी एमडब्ल्यूएस, जी 2015 ला आली आणि गॅसवर चालते. साधीत व्हर्जन 2. नेक्स्ट जेनचा गिअरबॉक्स तिचा स्वतःचा, बाजारातला व्हर्जन 2 चा माल उचलून तिच्यात टाकता येत नाही. एमडब्ल्यूएसमध्ये गिअरबॉक्स हा प्रकारच नाही.

मॅगझिनमध्ये लोक हमखास फसतात. साधीचं मॅग 68 बीबींचं (बीबी म्हणजे गोळी), नेक्स्ट जेनचं 82 चं, एमडब्ल्यूएसचं 35 चं, आणि साधीचं मॅग नेक्स्ट जेनमध्ये चालत नाही. तुम्ही बघितलेल्या पानावर मला वाटतं नाव एकीचं, वर्णन दुसरीचं आणि मॅग तिसरीचं अशी खिचडी आहे.

फोटोवरून ओळखायचं तर मॅगचं बूड बघा. बुडाला छोटा पितळी व्हॉल्व्ह दिसला की गॅस, विषय संपला. दाते असलेलं चाक दिसलं तर इलेक्ट्रिकचं हायकॅप (जास्त गोळ्यांचं मॅग), ते फिरवून चावी द्यायची असते. काहीच नसेल तर बहुतेक लोकॅप किंवा मिडकॅप (कमी किंवा मध्यम गोळ्यांचं). बुडाचा फोटो पानावर नसला तर मागून घ्या, एका फोटोला नाही म्हणणाऱ्या दुकानातून पुढे वॉरंटी काय मिळणार!

काउंटरपलीकडचा
मी दुकानाच्या बाजूचा माणूस, त्यामुळे थोडी आमचीही बाजू ऐका. दर वेळी आम्ही झोपा काढतो म्हणून असं होत नाही. कंपनी मधेच आतला माल बदलते, मोटर वेगळी, वायरिंग वेगळं, बॅटरीचा कनेक्टर 'लहान टामिया' प्रकाराचा 'डीन्स' प्रकार होतो, आणि खोक्यावरचा प्रॉडक्ट नंबर तोच, बारकोड तोच, कधी कधी फोटोसुद्धा तोच. वितरक काही कळवत नाही, आमच्या कपाटात जुना आणि नवा माल शेजारी शेजारी पडलेला असतो आणि सिस्टिममध्ये दोन्ही एकच वस्तू. उघडून बघावं तर सील फुटतं, मग तुम्हीच म्हणता वापरलेला पीस दिला. वर्णन लिहिणारा तर बऱ्याचदा बंदूक हातात न घेताच वितरकाच्या एक्सेलमधून उचलून चिकटवतो, हे मात्र मान्य, ही आमच्या धंद्याची खोड आहे.

म्हणून 'हे व्ही2 आहे का' असं विचारू नका, कारण त्याला आमचा पोरगा 'हो' म्हणणार आणि ते खोटंही नसणार. त्याऐवजी विचारा की खोक्याच्या बाजूचा पूर्ण प्रॉडक्ट नंबर पाठवा, शेवटच्या अक्षरासकट. सायमा कंपनीचंच बघा, सीएम.028 प्लास्टिक बॉडीची एके आणि सीएम.048 मेटलची, पानावर दोन्हीचं शीर्षक 'सायमा एके47' एवढंच असलं की झालं कल्याण. स्पेक्ना आर्म्स या कंपनीत एसए-सी म्हणजे कोअर आणि एसए-ई म्हणजे एज, एका अक्षरात बॉडी नायलॉनची की मेटलची ते ठरतं. वर एज आणि एज 2.0 हा आणखी एक फाटा, पहिल्या एजमध्ये गेट कंपनीचा एक्स-एएसआर मॉसफेट (मोटरचा करंट सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), 2.0 मध्ये गेटचा अ‍ॅस्टर, म्हणजे ट्रिगरच इलेक्ट्रॉनिक. हा फरक बोटाला लगेच कळतो.

ज्यूल_मास्तर
अजून एक भानगड कोणी काढली नाही अजून, देशानुसार व्हर्जन. जपानमध्ये गोळीच्या ताकदीची मर्यादा साधारण 0.98 ज्यूल, त्यामुळे मारुई मुळातच त्याच्या आत येते. जर्मनीत 0.5 ज्यूलच्या वर फुल ऑटो (ट्रिगर दाबून धरला की सलग गोळ्या) चालत नाही, म्हणून तिथल्या दुकानांत तीच बंदूक एकतर 0.5 ज्यूलवाली किंवा फक्त सेमीवर (एका दाबाला एक गोळी) चालणारी मिळते. ब्रिटनमध्ये फुल ऑटोला 1.3 आणि सेमीला 2.5 पर्यंत. नाव तेच, फोटो तोच, आणि घरी येऊन सिलेक्टर (मोड बदलायचा खटका) ऑटोवर टाकला तर ढिम्म. बाहेरून मागवणार असाल तर हे आधी विचारा आणि तुमच्याकडे काय कायदेशीर आहे तेही बघून घ्या, पार्सल अडकल्यावर नको.

आणि एफपीएसचा (गोळीचा वेग, फूट प्रति सेकंद) आकडा बीबीच्या वजनाशिवाय दिला असेल तर त्याला किंमत देऊ नका. 1 ज्यूल म्हणजे 0.20 ग्रॅमच्या बीबीला 328 एफपीएस, पण तोच 1 ज्यूल 0.25 ला साधारण 293 दाखवतो. दोन दुकानांतले दोन आकडे बघून लोक 'हिच्यात स्ट्राँग स्प्रिंगवालं व्हर्जन आहे' असं ठरवून मोकळे होतात, प्रत्यक्षात स्प्रिंग तीच, बीबी वेगळी.

उगाच_टेन्शन
नवीन माणसाला इतकं कशाला घाबरवताय? पहिली बंदूक आहे, कुठलीही चांगल्या नावाची एम4 घे, वॉरंटी घे आणि खेळ. व्हर्जनचा कीस काढत बसलास तर सीझन संपेल.

गिअरखोर
@उगाच_टेन्शन खेळायला काही अडत नाही हे खरं, अडतं पहिला पार्ट तुटल्यावर. पिस्टन गेला की साध्या व्हर्जन 2 चा कुठेही मिळतो, नेक्स्ट जेनवाला शोधत बसतो. व्हर्जन 2 ची स्वतःची दुखणी आहेतच, शेल (पेटीचं बाहेरचं कवच) पुढच्या बाजूला सिलिंडरच्या खिडकीपाशी तडकतो, विशेषतः जड स्प्रिंग टाकली की, पण निदान तो शेलही सहज मिळतो. त्यामुळे पहिल्या बंदुकीला मी तरी साधं व्हर्जन 2 च म्हणेन, भले ते धक्का देत नसो. फक्त क्विक चेंज स्प्रिंग आहे का विचारा, एकाच मॉडेलच्या जुन्या मालात नसते आणि नव्यात असते असं बऱ्याचदा होतं. एम4 ला बफर ट्यूबमधून (मागच्या दस्त्यातली नळी) लांब अ‍ॅलन की घालून मागून स्प्रिंग निघते, गिअरबॉक्स उघडायची गरज नाही.

नवशिका_निशाणी
सगळ्यांचे आभार, विशेष करून @काउंटरपलीकडचा तुमचे. दोन्ही दुकानांना लिहिलं. मारुईवाल्याने मॅगच्या बुडाचा फोटो पाठवला, पितळी व्हॉल्व्ह स्पष्ट दिसतोय, म्हणजे त्याच्याकडे एमडब्ल्यूएस आहे आणि वर्णन साधीचं चिकटवलंय. सांगितलं तर म्हणाला बदलतो, अजून काही बदललेलं दिसत नाही. त्यामुळे मारुई बाद, गॅस नकोय मला. आता स्पेक्नाची एसए-ई बघतोय, खोक्याच्या फोटोत 2.0 लिहिलंय पण पानावर एक्स-एएसआर. कशावर विश्वास ठेवू?

काउंटरपलीकडचा
खोक्यावर. तरी एक करा, त्यालाच दोन ओळींत लिहून पाठवा की 'अ‍ॅस्टरवाली 2.0 आली नाही तर परत घ्याल ना' आणि लेखी 'हो' आल्याशिवाय पैसे भरू नका. तोंडी 'हो' आम्ही दिवसातून पन्नास वेळा म्हणतो.

हॉपअप_हट्टी
आणि स्पेअर मोटर आत्ताच घेणार असाल तर लाँग शाफ्ट (लांब दांडीची) घ्या, शॉर्टवाली एकेची असते. दुकानं दोन्हीवर 'एईजी मोटर' (एईजी म्हणजे बॅटरीवाली बंदूक) एवढंच लिहितात.