पहिला गिअर टाकला की गाडी बंद! रविवारच्या आत मदत हवी आहे

डबक्यातला_डॉन: मंडळी अर्जंट आहे. बाईक सुरू होते, न्यूट्रलला मस्त चालते, रेस पण घेते, पण पहिला गिअर टाकला की क्लच सोडायच्या आधीच फट्कन बंद. कालपासून हेच चाललंय. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो सोमवारी आणा आणि रविवारी पहाटे साडेपाचला सगळे खडकवासला चौपाटीवर भेटणार आहेत. गाडी विका वगैरे सल्ले नकोत प्लीज.

पेठेतला_पक्या: कुठली गाडी? किती चालली? काल काय केलंत? आम्ही काय ज्योतिषी आहोत का?

ग्रीसवाले_काका: क्लचप्लेट गेल्या. चिखलात हाफ क्लचवर रेटत बसलं की दुसरं काय होणार, जळका वास आला होता का? नाना पेठेत प्लेटा मिळतील, संध्याकाळच्या आत बदलून होतात.

डबक्यातला_डॉन: काका वास नाही आला. गाडीचं नाव सांगितलं की इथे भांडणं लागतात म्हणून सांगत नाही, सिंगल सिलिंडर, बीएस ६ (प्रदूषणाचा नवा नियम) वाली, फ्युएल इंजेक्शन म्हणजे कार्बोरेटर नाही, पुढे २१ इंची चाक. काल पाबे घाटातून वेल्हे, तिथून केळदच्या पुढे कच्च्यावर गेलो होतो. ओढ्यात आडवा झालो, पण त्याचा काही संबंध नसावा, त्यानंतर घरापर्यंत चालवत आणली.

पेठेतला_पक्या: ओढ्यात आडवा झालो हे तिसऱ्या ओळीत सांगतात होय!

घाटवाट: इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर अजिबात मारू नकोस, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढून आधी पाणी बाहेर काढ, एअर फिल्टर बघ. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय का?

डबक्यातला_डॉन: ऑइल स्वच्छ आहे. आणि गाडी चालू होते हो, वाचा ना नीट.

इम्पल्सप्रेमी: रॉयल एनफिल्डची हिमालयनच असणार. १९९ किलोचं धूड ओढ्यात कशाला न्यायचं, हिरोची हलकी एक्सपल्स घेतली असती तर एकट्याने उचलली असती. आणि टायरमधली हवा कमी करत जा, पुढे १८ मागे २० पीएसआय, चिखलात काय पकड येते!

घाटवाट: ट्यूबवाल्या टायरला १८? सह्याद्रीत मातीखाली काळा दगड आहे, ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली की दोन भोकं शेजारी शेजारी. मग बस केळदला पंक्चरवाला शोधत.

इम्पल्सप्रेमी: सहा वर्षं चालवतोय, एकदाही नाही झालं.

ग्रीसवाले_काका: केळदवरून आठवलं, मढे घाट तिथेच. १६७० ला सिंहगड घेतल्यावर तानाजीरावांचा देह तिथूनच खाली उमरठ्याला नेला असं सांगतात. आम्ही स्कूटरवर जायचो, डबलसीट, तेव्हा नव्हतं असलं काही.

रानवेडी_ताई: ओढ्यात गाड्या घालून पाणी गढूळ करायचं आणि खाली गावात लोक तेच भरतात, हे कोणाच्या डोक्यात येतं का? नशीब ताम्हिणीत तरी नाही गेलात, ते २०१३ पासून अभयारण्य आहे.

स्पॅनर१०_१२: डॉन, आडवा कुठल्या बाजूला झालास? डाव्या ना? साइड स्टँडचा स्विच बघ. स्टँड खाली आहे असं गाडीला वाटतं, म्हणून न्यूट्रलला चालते आणि गिअर पडला की बंद. डॅशवर स्टँडचा दिवा पेटलाय का?

डबक्यातला_डॉन: हो!! मला वाटलं तो असाच असतो. जुना टूथब्रश घेऊन पार्किंगमध्ये बसलो, स्प्रिंगच्या मागे लाल मातीचा ढेकूळ, सुकून वीट झालेला. पाणी मारून स्टँड वीसेक वेळा वर खाली केलं, आता गिअर पडतोय, मधेच एकदा परत बंद पडली. स्विच बायपास करून वायर सरळ जोडून टाकू का?

स्पॅनर१०_१२: अजिबात नको. स्टँड खाली राहिलं तर डाव्या वळणावर जमिनीला टेकून फेकला जाशील. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर (इलेक्ट्रिकचे जोड साफ करायचा स्प्रे) मार, कनेक्टर काढून वाळव, परत झालं तर स्विच बदल.

डबक्यातला_डॉन: मारतो. कोणाकडे आहे का क्लीनर, धायरी वडगाव साइडला? आत्ता येऊन नेतो.

नवीन_आलोय: वरचं सगळं वाचलं नाही पण कार्बोरेटर साफ करून बघा, माझी तशीच सुटली.