मदत हवी आहे: चार ऑर्डरी एकदम आल्या की फास्टएपीआय गोठतं

बागकाठ, देवगड: आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी घ्यायला फास्टएपीआय या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये छोटी सेवा लिहिली आहे. लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. सर्व्हरवर मात्र चार जणांनी एकदम ऑर्डर टाकली की सगळंच गोठतं, साधं दरपत्रकसुद्धा उघडत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी आपोआप सुरू होतं. एरर काहीच नाही. याच आठवड्यात पहिली तोड आहे, काका रोज विचारतात. काय बदलू ते लवकर सांगा.

खाडीपलीकडचो: कोड टाक रे आधी. नुसता 'गोठता' म्हटल्यार कसा कळतला? सर्व्हर खंयचो, वर्कर किती, डेटाबेस खंयचो?

बागकाठ: भाड्याचा सर्व्हर, १ जीबी मेमरी. सेवा चालवणारं युव्हिकॉर्न जसं येतं तसंच, म्हणजे वर्कर (सेवा चालवणारी प्रक्रिया) एकच. डेटाबेस पोस्टग्रेस. कोड साधा आहे हो, ऑर्डर सेव्ह करतो आणि एसएमएस पाठवतो.

जुनाजाणता, रत्नागिरी: फास्टएपीआयऐवजी जँगो फ्रेमवर्क घ्या. आमच्या पतसंस्थेचं काम त्यावर बारा वर्षं चाललंय. अ‍ॅडमिन पॅनल आयतं मिळतं, पेट्यांचा हिशेब काकांनाही दिसेल.

समुद्रवारा, अलिबाग: तोड दारात आली असताना फ्रेमवर्क बदलायला काय सांगता? बागकाठ, फंक्शन डेफ आहे की असिंक डेफ? आणि एसएमएस कशाने पाठवता?

बागकाठ: असिंक डेफ. सगळ्या उदाहरणांत तेच दिसलं. एसएमएस रिक्वेस्ट्स या पायथन लायब्ररीने.

समुद्रवारा: मग दुखणं तिथेच आहे. असिंक डेफमधला कोड इव्हेंट लूपच्या, म्हणजे सगळी कामं आळीपाळीने हाताळणाऱ्या चक्राच्या, एकाच थ्रेडवर चालतो. रिक्वेस्ट्सला अवेट, म्हणजे वाट बघताना लूप दुसऱ्यांसाठी मोकळा सोडणं, कळत नाही; एसएमएसवाल्याचं उत्तर येईपर्यंत ते लूप अडवून बसतं. तरीवर तांडेल एकच, आणि तो पलीकडे सामान उतरवायला थांबला तर अलीकडच्यांनी धक्क्यावरच उभं राहायचं. असिंक काढा, नुसतं डेफ ठेवा. मग फास्टएपीआय ते फंक्शन वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतं. काही न बदलता असे ४० थ्रेड मिळतात.

खाडीपलीकडचो: त्यापेक्षा चार वर्कर लाव. काम झाला.

समुद्रवारा: १ जीबीत चार वर्कर? आणि पाचवं गिऱ्हाईक पुन्हा धक्क्यावरच.

पावसाळीकोड, चिपळूण: ४२२, म्हणजे आलेली माहिती चुकीची असल्याचा एरर, येत असेल तर ती माहिती तपासणारं पायडॅन्टिक बघा. आवृत्ती २ मध्ये मोबाईल नंबर स्ट्रिंग म्हणून लिहिला आणि अ‍ॅपमधून आकडा आला, तर सरळ नाकारतं. आवृत्ती १ आपोआप बदलून घ्यायची. ऑप्शनल रकाना रिकामा चालायला हवा तर त्यालाही '= None' लिहावं लागतं. माझ्या दोन रात्री गेल्या यात.

बागकाठ: ४२२ येतच नाही. पण नंबराचं बघून ठेवतो.

वाशीकर: पाच डझनी पेटी कधीपासून मिळेल? गेल्या वेळी दुसरीकडून घेतली, वरचा थर हापूस आणि खाली भलतंच.

बागकाठ: वाशीकर, निरोप पाठवा, काका दर सांगतील. आमच्या पेटीत खालपर्यंत आमच्याच बागेतला आंबा असतो.
समुद्रवारा, नुसतं डेफ केलं. घरातल्या सहा फोनवरून एकदम ऑर्डरी टाकल्या, दरपत्रक उघडत राहिलं! दोन दिवस याच्यामागे होतो. पण ऑर्डर देणाऱ्याला अजून एसएमएस जाईपर्यंत ताटकळावं लागतं.

समुद्रवारा: एसएमएस बॅकग्राउंडटास्क्समध्ये टाका. उत्तर आधी जातं, काम मागाहून होतं.

खाडीपलीकडचो: आणि मधीच सर्व्हर रीस्टार्ट झालो तर? ती कामा मेमरीतच असतत, गेली ती गेली. गिऱ्हाईक वाट बघीत रवतला. टेबलात 'एसएमएस गेलो' असो रकानो ठेव आणि क्रॉनान दर मिनिटाक उरलेले पाठव.

समुद्रवारा: हे मान्य. ऑर्डरीच्या कामाला हेच बरं.

बागकाठ: रकाना वाढवतोय. दुपारपासून लाईट नाही, लॅपटॉपची बॅटरी २० टक्के उरली आहे. एसएमएसच्या रिक्वेस्टला टाइमआउट किती ठेवू?

समुद्रवारा: सध्या दिलाच नाहीये का? रिक्वेस्ट्स स्वतःहून टाइमआउट लावत नाही, उत्तर आलं नाही तर थांबूनच राहतं. ५ सेकंद ठेवा, आणि बॅटरी संपायच्या आत ते आधी करा.